थेंबाची साक्ष

वसंत व्याख्यानांचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचे दिवस. सभामंडपाच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ ठेवलेला असतो आणि त्याच्या अंगाला बारीक पाझर सुटलेला असतो. व्याख्यान रंगेनासे झाले की श्रोत्यांची नजर हळूहळू त्या माठाकडे वळते, हे प्रत्येक वक्त्याला अनुभवाने ठाऊक आहे. आज आम्ही ती पाळी येऊ न देता आपण होऊनच श्रोत्यांना माठाकडे नेणार आहोत. माठातील पाण्याकडे नव्हे, तर माठाच्या अंगावरील थेंबाकडे.

'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिचा उपदेश मोलाचा आहे. पण तीत मान आहे तो तळ्याला, थेंबाला नाही. थेंब म्हणजे तळ्याचा एक क्षुद्र तुकडा, तळ्यात जे आहे तेच थेंबात आहे, फक्त थोडे आहे, असे त्या म्हणीने गृहीत धरले आहे. आश्चर्य असे की रसायनशास्त्रानेही पुष्कळ काळ हेच गृहीत धरले होते. चंचुपात्रातील पाण्यात जी क्रिया घडते तीच थेंबात घडणार, तिच्यासाठी थेंब मुद्दाम तपासावयाचे कारण काय, असा सर्वसाधारण समज होता. या समजाला तडा कसा गेला आणि तो पाडताना शास्त्रज्ञांनी किती ठेचा खाल्ल्या, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तोच आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

आरंभी दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. पहिला शब्द आयन. ज्या अणूवर किंवा रेणूवर विद्युत्भार आहे तो आयन. मिठाचा खडा पाण्यात विरघळतो तेव्हा सोडियम आणि क्लोरीन ही जोडी फुटते. एकावर धनभार राहतो, दुसऱ्यावर ऋणभार. आमटीच्या प्रत्येक घोटात आपण अगणित आयन गिळीत असतो. दुसरा शब्द मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ढगातला थेंब साधारण दहावीस मायक्रॉन जाडीचा असतो; तसे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब होतो.

आता एक हिशेब करू. दोन मिलिमीटर व्यासाचा पावसाचा एक थेंब घेतला आणि त्याचे दोन मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर ते शंभर कोटी होतील. पाणी तेवढेच राहील, परंतु हवेला लागून असणारा पृष्ठभाग हजारपट वाढेल. एक लिटर पाण्याचे एक मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग सहा हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दीड एकर भरतो. तांब्याभर पाण्याने दीड एकर रान झाकावे, तसा हा प्रकार. तळ्यात पाणी मुख्य असते आणि पृष्ठभाग नाममात्र. बारीक थेंबात पृष्ठभागाला महत्त्व येते. तळे आणि थेंब यांत जो फरक आहे त्याचे मूळ येथे आहे.

या फरकाकडे पहिल्याने लक्ष गेले ते धुक्यामुळे. स्कॉटलंडमधील फॉलकर्क गावच्या जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास एक साधा प्रयोग केला. काचेची दोन पात्रे घेतली. एकात साधी हवा ठेवली, दुसऱ्यात कापसातून गाळून घेतलेली हवा. दोन्हींत वाफ सोडली. साध्या हवेचे पात्र पांढऱ्या धुक्याने भरून गेले. गाळलेल्या हवेत धुके मुळीच धरेना. एटकिन यांनी अनुमान काढले की थेंबाला बसावयास बीज लागते आणि ते बीज म्हणजे हवेतील धूळ. याचे कारण लॉर्ड केल्व्हिन यांच्या १८७१ मधील गणितात सापडते. थेंब जितका लहान, तितकी त्याच्या पृष्ठभागाची वक्रता जास्त आणि तितका तो लवकर उडून जातो. म्हणजे अगदी नवजात थेंब जगूच शकत नाही. त्याला कशाचा तरी आधार लागतो.

या कोड्याची पुढची पायरी डोंगरावर सापडली. बेन नेव्हिस हे स्कॉटलंडमधील सर्वांत उंच शिखर. त्यावर त्या काळी एक वेधशाळा होती. १८९४ च्या सप्टेंबर महिन्यात सी. टी. आर. विल्सन नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण तेथे दोन आठवडे राहिला. तो मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. पायाखालच्या ढगावर सूर्यकिरण पडले की डोंगराच्या किंवा माणसाच्या सावलीभोवती रंगीत वलये उमटतात, ती त्याने पाहिली. आपल्याकडे हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणारे इंद्रवज्र याच जातीचे. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या हवामानाविषयी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याचे वर्णन केलेले आहे. साइक्स यांनी वर्णन केले. विल्सनला मात्र तो देखावा घरी नेण्याची इच्छा झाली. प्रयोगशाळेत लहानसा ढग करावा आणि ही वलये पुन्हा पाहावीत, एवढाच त्याचा हेतू होता.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत १८९५ साली त्याने काचेचे पात्र तयार केले. त्यातील दमट हवा एकदम प्रसरण पावली की थंड होते आणि ढग धरतो. पुन्हा पुन्हा ढग धरू दिला की प्रत्येक थेंब आपली धूळ घेऊन खाली बसतो आणि हवा निर्मळ होते. अशा निर्मळ हवेत एटकिन यांच्या मताप्रमाणे ढग धरता कामा नये. परंतु हवेचे आकारमान एकदम सव्वापट केले की थोडे थेंब दिसतच. कितीही वेळा पाडले तरी नवे येतच. धूळ तर संपली, मग हे बीज कोणते? १८९५ च्या अखेरीस राँटजेन यांनी क्षकिरणांचा शोध लावला. पुढच्याच वर्षी विल्सन यांनी आपल्या पात्रावर ते किरण सोडले आणि दाट धुके उतरले. क्षकिरण हवेत आयन निर्माण करतात. तेव्हा प्रत्येक आयन हा एका थेंबाचे बीज होतो, ही गोष्ट उघड झाली. १९११ साली विल्सन यांनी एकेका अदृश्य कणाच्या वाटेचे छायाचित्र घेतले. कण दिसत नव्हता. परंतु त्याने मागे टाकलेल्या आयनांवर थेंब बसले होते आणि वाट रांगोळीच्या रेघेसारखी उमटली होती. १९२७ साली विल्सन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वलये पाहावयास निघालेल्या माणसाने अणूच्या आतील जगाला साक्षीदार मिळवून दिला. तो साक्षीदार पाण्याचा थेंब होता.

साक्षीदाराचा लवकरच तराजू झाला. त्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. टॉमसन यांना आयनावरील विद्युत्भार मोजावयाचा होता. ढग किती वेगाने खाली बसतो यावरून थेंबाचा आकार काढावा, एकूण पाण्यावरून थेंबांची संख्या काढावी आणि एकूण भाराला त्या संख्येने भागावे, अशी त्यांची युक्ती. युक्ती उत्तम होती, पण थेंब एकसारखे नव्हते, आणि मोजता मोजता ते उडूनही जात. अमेरिकेत शिकागो येथे रॉबर्ट मिलिकन यांनी १९०९ साली ढगाचा नाद सोडून एकेक थेंब विजेच्या बळावर अधांतरी तोलून धरला. येथेही पाण्याचा थेंब दगा देई; पाहता पाहता त्याचे वजन घटे. अखेर मिलिकन आणि त्यांचे विद्यार्थी हार्वे फ्लेचर यांनी पाणी सोडून तेल घेतले. तेलाचा थेंब तासन्‌तास टिकतो. त्यावरून विद्युत्भाराचे सर्वांत लहान नाणे किती किमतीचे, हे निश्चित झाले. पाण्याचे बाष्प होणे हा या प्रयोगाचा शत्रू ठरला, ही गोष्ट श्रोत्यांनी स्मरणात ठेवावी. पुढे हाच शत्रू मित्र होऊन येणार आहे.

येथे आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९१३ च्या आपल्या प्रसिद्ध लेखात मिलिकन यांनी ५८ थेंबांची मोजमापे दिली आणि हे थेंब निवडून घेतलेले नसून लागोपाठ साठ दिवसांत तपासलेले सगळे थेंब आहेत, असे लिहिले. त्यांच्या वह्या पुढे अभ्यासकांनी उघडल्या, तेव्हा त्यांत याहून बरेच अधिक थेंब आढळले. वगळलेल्या थेंबांनी उत्तर फारसे बदलत नव्हते, हे खरे. कित्येक थेंब वगळावयास सबळ कारणही होते. परंतु कारण असणे निराळे आणि ते सांगणे निराळे. लहान वस्तूला प्रश्न विचारणाराची जबाबदारी मोठी असते, कारण तिचे उत्तर दुसऱ्या कोणाला सहज ऐकू येत नाही. हा मुद्दा आम्हाला शेवटी पुन्हा घ्यावयाचा आहे.

आता थोडे मागे जाऊ. १८८२ साली लॉर्ड रॅले यांनी एक सैद्धांतिक प्रश्न सोडविला होता. पाण्याचा पृष्ठताण थेंबाला गोळीसारखा आवळून धरतो. थेंबावर विद्युत्भार असेल तर सजातीय भार एकमेकांस दूर ढकलतात आणि थेंब फोडू पाहतात. या दोन बळांची बरोबरी जेथे होते, ती थेंबाची मर्यादा. ती ओलांडली की थेंब फुटणार आणि त्याच्यातून बारीक चिळकांड्या उडणार, असे रॅले यांनी सांगितले. जॉन झेलेनी यांनी १९१४ ते १९१७ च्या दरम्यान विद्युत्भारित नळीच्या टोकाशी द्रवाचे काय होते याची निरीक्षणे केली आणि छायाचित्रे घेतली. जी. आय. टेलर यांनी १९६४ साली टोकाशी तयार होणाऱ्या शंकूचे गणित मांडले. अधांतरी तोललेला एकटा थेंब रॅले यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही बाजूंनी चिळकांड्या टाकीत फुटतो, हे स्पष्ट छायाचित्रांत दिसावयास २००३ साल उजाडले. एका भाकितास प्रत्यक्ष साक्ष मिळावयास एकशे एकवीस वर्षे लागली.

मधल्या काळात या फुटण्याचा कोणास काय उपयोग? उपयोग सुचला तो मोटारीला रंग देण्याच्या कामावरून. रंगाला विद्युत्भार देऊन फवारला की तो पत्र्यावर सारखा बसतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील माल्कम डोल यांचा रंगाच्या एका कारखान्याशी सल्लागार म्हणून संबंध आला होता. त्यांच्या मनात आले की रंगाच्या जागी मोठ्या रेणूंचे द्रावण फवारले तर काय होईल? थेंब सुकत जाईल, भार मात्र उडून जाणार नाही. थेंब फुटेल, त्याचे तुकडे पुन्हा सुकतील, पुन्हा फुटतील. आणि अखेरीस पाणी सगळे जाऊन एकटा रेणू विद्युत्भार अंगावर घेऊन हवेत उरेल. रेणूचा आयन झाला की त्याला यंत्रात वळविता येते आणि त्याचे वजन करता येते. १९६८ साली डोल यांनी हा प्रयत्न प्रसिद्ध केला.

रेणूचे वजन करण्यात एवढे काय अडले होते, असे कोणी विचारील. अडचण ही की वजन करावयास रेणू हवेत उडवावा लागतो, आणि उडवावयास उष्णता द्यावी लागे. साखर तापविली तर तिची वाफ होत नाही, ती जळते. अंडे उकडले की त्यातील प्रथिनांचा घाट कायमचा बिघडतो. शरीराचे सगळे महत्त्वाचे रेणू याच नाजूक जातीचे. त्यांना न तापविता उडवावयाचे होते. टोरांटो येथील इरिबार्न आणि टॉमसन यांनी १९७६ साली एक वेगळाच मार्ग दाखविला. इरिबार्न हे मूळचे ढगांचे अभ्यासक. थेंब पुरेसा लहान झाला की त्याच्या पृष्ठभागावरील विद्युत्क्षेत्र एवढे प्रबळ होते की आयन पाणी सोडून आपण होऊनच बाहेर पडतो, असे त्यांनी प्रतिपादन केले. डोल यांचे म्हणणे खरे की या दोघांचे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. आता लहान आयनांना एक मार्ग जास्त लागू पडतो आणि मोठ्या रेणूंना दुसरा, असे बहुतेकजण मानतात.

ही कल्पना फलद्रूप केली येल विद्यापीठाच्या जॉन फेन यांनी. १९८४ साली त्यांनी मासामिची यामाशिता यांच्यासह आपले पहिले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी लेनिनग्राडमध्ये लिडिया गाल आणि त्यांचे सहकारीही अशाच मार्गाने पोहोचले होते. १९८८ साली फेन यांनी प्रथिनांचे अखंड रेणू थेंबांतून उडवून त्यांचे वजन करून दाखविले, तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते. २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मिलिकन यांनी ज्या बाष्पीभवनाला कंटाळून पाणी टाकून दिले, त्याच बाष्पीभवनावर ही सगळी विद्या उभी आहे. आज अनेक देशांत नवजात बालकाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब कागदावर घेतात आणि या यंत्राने तपासतात. शरीरात अन्नाचे रेणू फोडण्याची एखादी क्रिया जन्मतःच अडलेली असेल, तर ती त्या थेंबावरून कळते आणि वेळेवर उपचार करून बालकाची बुद्धी आणि प्राण वाचविता येतात. रॅले यांनी १८८२ साली गणित मांडले, तेव्हा अशा बालकांचा विचार त्यांच्या मनात असणे शक्य नव्हते.

इथवर थेंब साक्षीदार झाला, तराजू झाला, वाहन झाला. थेंबाच्या पोटात काय घडते, हा प्रश्न अजून उरलेलाच आहे. तो प्रश्न एका भयंकर प्रसंगाने जगापुढे ठेवला होता. १९५२ च्या डिसेंबरात ५ ते ९ तारखेपर्यंत लंडनवर धुके बसून राहिले. थंडीमुळे घरोघर कोळशाच्या शेगड्या पेटलेल्या, वारा नाही, धूर वर जावयास जागा नाही. भर दुपारी माणसाला आपले पाऊल दिसेना. सुमारे चार हजार माणसे या धुक्याने अधिक मेली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढील अभ्यासकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली ब्रिटिश पार्लमेंटने शुद्ध हवेचा कायदा केला तो यातूनच.

कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू असतो आणि त्यापासून गंधकाम्ल झाले, हे तेव्हाच कळले होते. पण इतक्या थंड, अंधाऱ्या हवेत ते इतक्या झपाट्याने झाले कसे? याचे समाधानकारक उत्तर २०१६ साली प्रसिद्ध झाले. कोळशाच्या जळण्यातूनच नायट्रोजनचा एक तांबूस वायूही निघतो. गंधकाचा वायू धुक्याच्या थेंबात विरघळून त्याचे आयन होतात आणि हा दुसरा वायू थेंबात शिरून त्यांचे गंधकाम्ल करतो. आम्लता वाढली की ही क्रिया मंदावते; परंतु लंडनच्या धुक्याचे थेंब चांगले मोठे होते, त्यामुळे आम्ल विरळ राहिले आणि क्रिया चालूच राहिली. मग ऊन पडून थेंब सुकू लागले. पाणी गेले, आम्ल उरले. माणसे जे श्वासाबरोबर ओढीत होती ते धुके नव्हते, तर तीव्र आम्लाचे तुषार होते. त्या चारपाच दिवसांत प्रत्येक थेंब हा एक बारीक कारखाना होऊन बसला होता. थेंबातील रसायन हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नव्हे, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

या कारखान्याचा वेग प्रयोगशाळेत लक्षात आला तो फेन यांच्या यंत्रामुळेच. रसायनशास्त्रज्ञ दोन पदार्थांचे द्रावण वजनासाठी फवारीत. भांड्यात त्यांची क्रिया व्हावयास कित्येक तास लागावेत, अशी अपेक्षा असे. परंतु फवाऱ्यातून यंत्रात पोहोचेतो, म्हणजे सेकंदाच्या लहानशा अंशात, तयार झालेला पदार्थ दिसू लागला. पर्ड्यू विद्यापीठातील ग्रॅहॅम कुक्स यांच्या गटाने २०११ साली ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडली. स्टॅनफर्डचे रिचर्ड झेअर यांनी २०१५ च्या सुमारास दोन फवाऱ्यांतील थेंब एकमेकांवर आदळून क्रियेचा वेग मोजला. कित्येक क्रिया हजारपट आणि त्याहूनही अधिक वेगाने होताना आढळल्या. वेगाचे कारण काय? थेंब सुकतो म्हणून आतील पदार्थ दाट होतात, हे एक. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. पृष्ठभागावरील रेणूला चोहोबाजूंनी पाणी नसते. तो अर्धा उघडा असतो आणि अशा रेणूला दुसऱ्याशी जुळावयास अडथळा कमी. म्हणजे आपण आरंभी केलेला तो दीड एकराचा हिशेब येथे पुन्हा पुढे येतो.

२०२२ साली कुक्स यांच्या गटाने दाखविले की अमिनो आम्ले पाण्याच्या थेंबात एकमेकांस जोडली जातात. याचे महत्त्व असे. दोन अमिनो आम्ले जुळताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. भोवती पाणीच पाणी असेल तर ही जोडणी सहज होत नाही. जीवन पाण्यात जन्मले म्हणावे, तर पाणीच त्याची पहिली साखळी जुळू देत नाही, असा तो जुना पेच. थेंबाच्या पृष्ठभागावर तो सुटण्यासारखा दिसतो. जीवनाचा आरंभ समुद्रात झाला की समुद्राच्या तुषारात, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला.

येथवर सगळे जयजयकाराचे झाले. आता वादाकडे वळू, कारण आमच्या मते या इतिहासाचे खरे मोल त्या वादात आहे.

२०१९ साली झेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चकित करणारी गोष्ट प्रसिद्ध केली. शुद्ध पाण्याचे एक ते वीस मायक्रॉनचे थेंब केले, दुसरे काही मिसळले नाही, तरी त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार झाले. जखम धुवावयास वापरतात ते हेच द्रव्य. प्रमाण लिटरमागे साधारण एक मिलिग्रॅम. प्रमाण अल्प असले तरी अर्थ मोठा होता. पाण्यासारखा स्थिर पदार्थ नुसता बारीक केल्याने बदलतो, असे झाले तर रसायनाच्या पुस्तकातील पहिला धडाच दुरुस्त करावा लागला असता. त्यावर सौदी अरेबियातील राजे अब्दुल्ला विद्यापीठातील हिमांशु मिश्र यांच्या गटाने तोच प्रयोग निराळ्या दक्षतेने केला. त्यांचे निष्कर्ष २०२२ साली बाहेर आले. हवेत ओझोन वायूचा अंश असतो. तो पाण्यात विरघळला की पेरॉक्साइड होऊ शकते. ओझोन काढून टाकलेल्या हवेत थेंब केले, तेव्हा त्यांच्या मोजमापात पेरॉक्साइड आढळलेच नाही.

यातील गंमत पाहावी. थेंबाचा पृष्ठभाग अफाट, म्हणून थेंबात क्रिया वेगाने होते. आणि पृष्ठभाग अफाट, म्हणूनच हवेतील घाणही थेंबात वेगाने शिरते. ज्या गुणाने थेंब शास्त्रज्ञाला हवासा वाटतो, त्याच गुणाने तो त्याला फसवू शकतो. तळ्यात चिमूटभर माती पडली तर तळे बिघडत नाही. थेंबाला मात्र एक कणही पुरतो.

झेअर यांच्या गटाने त्याच वर्षी ओझोनाचा बंदोबस्त करून प्रयोग पुन्हा केला आणि पेरॉक्साइड मिळते असे सांगितले. परंतु या वेळचे प्रमाण पूर्वीच्या आकड्याहून पुष्कळच कमी होते. मिश्र यांच्या गटाने पुढे असे मांडले की जे थोडे मिळते त्याचा उगम थेंब आणि हवा यांच्या सीमेवर नसून पाणी जेथे घन पदार्थाला लागते तेथे आहे. वाद अद्याप मिटलेला नाही. तो मिटेल तो कोणाच्या कीर्तीने नव्हे. आणखी स्वच्छ हवा, आणखी स्वच्छ भांडी आणि वगळलेल्या थेंबांची वहीत नोंद, एवढीच त्याची साधने आहेत. मिलिकन यांच्या वेळचा प्रश्न शंभर वर्षांनी पुन्हा दारात उभा राहिला आहे, आणि या वेळी दोन्ही पक्ष आपापली मोजमापे उघड्यावर मांडून भांडत आहेत. हे भांडण शास्त्राला शोभणारे आहे.

दरम्यान थेंबाकडे पाहणारांत आपल्या देशातील माणसेही आली आहेत. मद्रासच्या आय. आय. टी. मधील टी. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली गारगोटी आणि माणिक यांची काही मायक्रॉनची भुकटी विद्युत्भारित थेंबांतून फवारली. ती थेंबांच्या प्रवासातच, सेकंदाच्या शतांशात, फुटून तिचे कण मिलिमीटरच्या लक्षांश भागाएवढे बारीक झाले. जो खडक झिजावयास निसर्गाला युगे लागतात, त्याची भुकटी थेंबात पापणी लवण्याच्या आत फुटावी, हे नवलच. महाराष्ट्रातही महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ पासून ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालविली आहे. पावसाळ्यात ढग तेथे खिडकीतूनच आत येतात. बेन नेव्हिसवर विल्सन यांनी जे डोळ्यांनी पाहिले, ते येथे यंत्रांनी मोजतात.

शेवटची गोष्ट २०२५ सालची. धबधब्याजवळच्या हवेत विद्युत्भार आढळतो, हे फिलिप लेनार्ड यांनी १८९२ साली दाखविले होते. पाणी आपटून फुटते तेव्हा बारीक तुषार ऋणभार घेतात आणि मोठे थेंब धनभार. झेअर यांच्या गटाने आता असे दाखविले आहे की अशा विरुद्ध भारांच्या थेंबांमध्ये इवल्याशा ठिणग्या पडतात, आणि पृथ्वीच्या आरंभीच्या हवेत असावेत असे मानले जाणारे वायू भोवती ठेवले तर त्या ठिणग्यांनी ग्लायसीनसारखे जीवनाला लागणारे रेणू होतात. १९५३ साली स्टॅन्ले मिलर यांनी काचेच्या चंबूत विजेची ठिणगी पाडून असेच रेणू मिळविले होते. त्यासाठी आकाशातील वीज कल्पावी लागली होती. आता ती वीज प्रत्येक लाटेच्या फेसात असू शकेल. हाही दावा मोठा आहे, आणि त्यालाही पेरॉक्साइडच्याच कसोटीतून जावे लागेल. जावेच.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. थेंब म्हणजे लहान तळे नव्हे. तळ्याचे नियम थेंबाला जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे कळावयास दीडशे वर्षे लागली, आणि ते कळले ते दर वेळी कोणाच्या तरी अडचणीतून. एटकिन यांच्या नियमात न बसणारे थेंब विल्सन यांच्या शोधाचे मूळ ठरले. मिलिकन यांना नडलेले बाष्पीभवन फेन यांच्या कामी आले. आणि आज जो ओझोन वादाचे मूळ झाला आहे, तोही उद्या आपल्याला काही शिकवून जाईल. मात्र त्यासाठी थेंबाने दिलेली साक्ष जशी आहे तशी लिहून घेण्याची तयारी हवी. सोयीची तेवढी ठेवून गैरसोयीची वगळून चालणार नाही.

माठाच्या अंगावरील तो थेंब एव्हाना सुकून गेला असेल. त्याच्या जागी दुसरा येईल. श्रोत्यांनी घरी जाताना त्याच्याकडे एकवार पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.